ओल्या डब्यातला रोट

नागपंचमीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. जागा, कॉलनीच्या ओपन स्पेसमधला पक्का मंडप.

हजर: अध्यक्ष, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या पत्नी, अक्का, समितीत नसूनही पहिल्या रांगेत. खजिनदार, ज्यांचं स्टेशनरीचं दुकान आहे आणि ज्यांना लहानथोर सगळेच भाऊ म्हणतात. समितीतले आणखी दोघे, जे शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. इतर रहिवासी एकोणीस. सचिव, म्हणजे मी.

गैरहजर: अक्कांची सून. आणि जिच्याविषयी ही सभा होती ती बाई. तिला बोलावलंच नव्हतं.

इतिवृत्ताच्या वहीत हजेरी अशीच आहे, फक्त गैरहजरांची ओळ तिथे नाही. ती मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

मी जळगावच्या एका डाळमिलमध्ये स्टोअर सांभाळते. वीस वर्षं झाली. पोती, सुतळी, चाळण्या, पट्टे, ग्रीस, झाडू, सगळं माझ्या याद्यांमध्ये असतं. घरीही तसंच. किराणा, औषधं, पाण्याच्या टाकीची धुलाई, गॅसची तारीख, प्रत्येकाची वेगळी यादी, आणि झालेल्या कामापुढे बरोबरची खूण. माझे यजमान म्हणतात, हिला देवाने दर्शन दिलं तर ही त्याची आधी पोच घेईल. कॉलनीने मला सचिव केलं ते याच गुणावर.

कॉलनी शहराच्या कडेला आहे. बेचाळीस घरं, समोर डांबरी रस्ता, मागे मोकळा प्लॉट. त्या प्लॉटवर सगळ्या कॉलनीचा कचरा पडायचा. घंटागाडी यायची, पण कधी सकाळी सातला, कधी अकराला, आणि नोकरी करणाऱ्या घरांनी तिची वाट किती बघायची. मग पिशवीला गाठ मारायची आणि भिंतीवरून पलीकडे. गाई त्या पिशव्या गाठीसकट चघळायच्या. कुणीतरी दर चार-आठ दिवसांनी पेटवून द्यायचं आणि सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना तो वास लागायचा.

त्या प्लॉटवर एक बाई रोज गोणी घेऊन यायची. चोपड्याकडची, पन्नाशीच्या आसपासची. नवरा गेल्यावर जळगावात बहिणीकडे आलेली. मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते स्टोअरवालीच्या डोळ्यांनी. ती कचरा उचलत नव्हती, ती माल लावत होती. बाटल्या एका बाजूला, दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा वेगळा, आणि प्रत्येक प्लास्टिक हातात घेऊन कानाशी धरून चुरगाळायची. मी विचारलं, कानाशी कशाला? ती म्हणाली, नरम असेल ते चटईच्या कारखान्यात जातं, खडखड वाजतं ते कुणी घेत नाही. आमच्या एमआयडीसीत चटयांचे कारखाने आहेत, त्यांच्या समोरून मी रोज जाते. तिथे आमच्या दुधाच्या पिशव्या जातात हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या सभेत मी प्रस्ताव ठेवला. प्रत्येक घरात दोन डबे, ओला आणि सुका. बाई रोज सकाळी घरोघरी येऊन डबे नेईल. ओला कचरा ओपन स्पेसच्या कोपऱ्यात दोन खड्ड्यांत जाईल आणि त्याचं खत होईल. सुका ती पत्र्याच्या शेडमध्ये निवडेल आणि विकेल, तेच तिचं उत्पन्न. घंटागाडीला उरलेलं तेवढंच. प्लॉट साफ राहील. आबांना ते पटलं. त्यांनी स्वतः उभं राहून शेड बांधून घेतली, उतार कुठे ठेवायचा ते मिस्त्रीला दाखवलं. हे मी मुद्दाम लिहिते. पुढे जे झालं ते वाईट माणसांनी केलं असं कुणी समजू नये. ते आम्ही केलं.

सुरुवातीचे दोन महिने गोंधळाचे होते. ओला आणि सुका हे शब्द लोकांनी शब्दशः घेतले. वाळलेली भाकरी कडक असते म्हणून ती सुक्यात. दुधाची पिशवी धुतली की ओली, म्हणून ती ओल्यात. एका घरातून रोज सकाळी पिळून घडी केलेलं फाटकं फडकं ओल्यात यायचं, विचारलं तर म्हणाले, अहो, ओलं आहे म्हणून. चहाची भुकटी एकीने दोन दिवस उन्हात वाळवून सुक्यात टाकली, आणि वर मला सांगितलं की आम्ही तर जास्त मेहनत घेतो. थंडीत भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या तेव्हा वांगी भाजलेल्या पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या काड्यांची, राख कुठे टाकायची यावर दोन शेजाऱ्यांचं भांडण झालं.

मग मी यादी केली. बाईला घरी बोलावलं, समोर बसवलं, एकेक वस्तू विचारत गेले. तिने सांगितलं तसं लिहिलं. एकवीस ओळी झाल्या. त्यातली अकरावी ओळ अशी होती: शिजवलेले सर्व अन्न, उरलेले किंवा उष्टे, ओला. स्टोअरमध्ये मी एक गोष्ट शिकले आहे, यादीत ‘इत्यादी’ लिहायचं नाही. ‘इत्यादी’ लिहिलं की माणसं आपापल्या सोयीचा अर्थ काढतात. म्हणून मी ‘सर्व’ लिहिलं. भाऊंच्या दुकानातून यादीला प्लास्टिकचं आवरण करून घेतलं आणि बेचाळीस घरांत बेचाळीस याद्या फ्रिजवर लागल्या. भाऊ म्हणाले, मॅडम, माझ्या बायकोने देवाच्या आरतीची जागा तुमच्या यादीला दिली, आता संध्याकाळी हिलाच ओवाळायचं का?

यादीने काम केलं. पहिल्या वर्षी खड्ड्यातून काळं, भुसभुशीत खत निघालं. बाईने ते चाळणीने चाळून घरोघर पोचवलं. अक्कांनी त्यात जास्वंद लावली. गावाकडून केळीचे घड आले की त्यांचे दांडे कापून बारीक करून टाकायचे हेही लोक शिकले. मागच्या प्लॉटवर गाई यायच्या बंद झाल्या. दोन वर्षं हे चाललं, आणि त्या दोन वर्षांत बाईने एकही खाडा केला नाही, एक बहिणीच्या मुलीच्या लग्नाचा सोडला तर. तो खाडाही तिने आठ दिवस आधी मला सांगितला होता आणि मी तो लिहून ठेवला होता.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला महापालिकेच्या सफाईवर देखरेख करणारा एक माणूस तिला शेडमध्ये येऊन दटावून गेला. ओपन स्पेसमध्ये माल ठेवायचा तर कॉलनीचा कागद दाखव, नाहीतर एक दिवस सगळं उचलून नेऊ. तिच्याकडे कागद नव्हता. आम्ही सगळं तोंडी केलं होतं. ती माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही, कारण पाय चिखलाचे होते. तिला एवढंच हवं होतं की शेड तिच्या कामासाठी आहे असा कॉलनीचा ठराव असावा आणि त्याची एक प्रत तिच्याकडे असावी. शेड गेली तर दुसरी जागा शोधायला तिच्याकडे काही नव्हतं. बहिणीच्या घरात झोपायला जागा होती, गोण्या ठेवायला नव्हती. मी म्हटलं, श्रावणात सभा आहे, ठराव करून प्रत हातात देते. तिने विचारलं, नक्की? मी तिच्या देखत कार्यक्रमपत्रिकेत विषय क्रमांक दोन म्हणून लिहून दाखवलं. तिला वाचता येत नाही. पण मी लिहिते आहे हे तिने पाहिलं आणि ती गेली.

मग कानबाई आली.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्यासाठी जो स्वयंपाक होतो त्याला रोट म्हणतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे गहू मोजून घ्यायचे, त्याचंच पीठ, त्याच्याच पोळ्या. हा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला देत नाहीत. लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही नाही, म्हणून धुळ्याला माझ्या माहेरचा रोट मला गेली सव्वीस वर्षं चालत नाही. आणि रोटाचा एक कणही घराबाहेर टाकत नाहीत. उष्टं, खरकटं, जेवल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा. माहेरी अंगणात खड्डा करायचे आणि सगळं त्यात जिरवायचे. माझ्या घरी आम्ही कढीपत्त्याच्या बुडाशी पुरतो. आबांच्या घराला आता अंगण नाही, गेटपासून ओट्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत. त्यांच्याकडे सगळं एका बादलीत राखून कानबाईबरोबर नदीवर नेतात.

त्या वर्षी आबांकडे मोठी कानबाई होती. धुळ्याहून, शिरपूरहून भाऊबंद आले होते. सोमवारी सकाळी कानबाई गेली, बादलीही गेली. पण माणसं परत आल्यावर जी दुपारची पंगत झाली, ती उरलेल्या रोटाचीच. त्या पंगतीचं जे राहिलं त्याचं काय करायचं हे कुणीच सांगितलं नाही, कारण सांगायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही. ते सगळ्यांना माहीत असतं. नवी सून अकोल्याकडची. लग्न माघातलं. तिच्या माहेरी कानबाई नाही. बायका थकून आडव्या झाल्या होत्या, ती एकटी स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. समोर फ्रिजवर यादी होती. तिने ओळ अकरा वाचली आणि ताटांतलं सगळं ओल्या डब्यात टाकलं.

मंगळवारी सकाळी मी मिलला जायला गाडी बाहेर काढत होते. आबांचं घर माझ्या समोर. बाईने त्यांचा डबा उचलला, झाकण उघडलं, आणि तिथेच थांबली. एरवी ती डबा सरळ गोणीत रिकामा करायची. त्या दिवशी तिने झाकण पुन्हा लावलं, वरून पदर टाकला आणि डबा दोन्ही हातांनी धरून गेटच्या आत गेली. ओट्यावर अक्कांच्या धुळ्याच्या जाऊबाई आणि आणखी दोघी चहा पीत बसल्या होत्या. तिने ओट्याच्या खाली उभं राहून हलक्या आवाजात अक्कांना हाक मारली.

अक्का आल्या. बाई म्हणाली, “अक्का, हाई रोटनं शे. घरनं घरमाच ऱ्हावाले जोयजे.”

हे रोटाचं आहे, घरचं घरातच राहायला हवं, एवढंच ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. डबा ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. तो डबा तिने खड्ड्यात रिकामा केला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. तिला कळलं असतं, आणि ते तिला चाललं नसतं.

धुळ्याच्या जाऊबाईंनी कप खाली ठेवला. “भारी शे हो अक्का तुमनं जळगाव,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे अजून तरी रोट राखायला कचरेवाली ठेवावी लागत नाही.”

दोघी हसल्या.  अक्का डबा उचलून आत गेल्या आणि दार लावलं. बाईने पुढच्या घरचा डबा घेतला. मी गाडी सुरू केली. मला वाटलं, झालं, बाईने लाज राखली आणि अक्का दुपारी तिला बोलावून लुगडं देतील. माणसांबद्दलचे माझे अंदाज मालाच्या अंदाजांइतके बरोबर कधीच नव्हते.

दुपारी मिलमध्ये फोन आले. एकापाठोपाठ एक, चार. चारही फोनांत घडलेली गोष्ट एकच होती, पण फिरत फिरत ती पार उलटी झाली होती. बाई घरांचे डबे उघडून चिवडते. कोणाच्या घरी काय शिजलं, काय उरलं, कोण काय टाकतं, सगळं तिला माहीत असतं. तिने कानबाईच्या रोटाला हात लावला. शेवटचं वाक्य प्रत्येकीने जरा खालच्या आवाजात सांगितलं. रोट डब्यात कुणी टाकला हा प्रश्न चारपैकी एकाही फोनवर निघाला नाही.

बुधवारी संध्याकाळी सून माझ्याकडे आली. फ्रिजवरची यादी काढून तिने पदराखाली आणली होती. दोन दिवस घरात तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. आबाही नाही, आणि ते तर तिला बेटा म्हणायचे. ती सोफ्याच्या कडेवर बसली, यादी गुडघ्यावर ठेवली आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं.

“काकू, मी हेच वाचून केलं. तुम्ही सभेत सांगाल ना?”

मी म्हटलं, सांगेन. त्यात काय सांगायचंय, ओळ माझी आहे. मी तिला चहा दिला. तिने यादी परत नेली, कारण फ्रिजवर नसेल तर पुन्हा विचारतील.

म्हणजे त्या रविवारी मंडपात बसताना माझ्याकडे दोघींना दिलेले दोन शब्द होते. दोन्ही शब्द पाळायला फार काही करावं लागणार नव्हतं. उठायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या. पहिली, अकरावी ओळ माझी आहे आणि ती चुकली, तिथे ‘रोट सोडून’ असं हवं होतं. दुसरी, सुनेने यादीत लिहिल्याप्रमाणे केलं. तिसरी, बाईने आपल्या सगळ्यांपेक्षा रोटाची जास्त चाड ठेवली. या तीन गोष्टी मी डायरीत लिहून नेल्या होत्या. क्रमांक घालून.

सभेत रोटाचा उल्लेखच झाला नाही. मी त्याची वाट बघत होते आणि तो आलाच नाही. एकोणीस माणसांना सगळं माहीत होतं आणि एकोणीस माणसं डासांबद्दल बोलत होती. खड्ड्यांमुळे डास झाले. शेडमुळे वास येतो. पाहुणे आले की बरं दिसत नाही. एकाने सांगितलं की शेडमध्ये साप निघाला होता. तो साप दोन वर्षांपूर्वी माझ्या घरामागे निघाला होता आणि पकडायला बाईच धावली होती. विषय क्रमांक दोन पुकारायच्या आधीच तो निकालात निघत चालला होता.

भाऊंनी वातावरण हलकं केलं. ते म्हणाले, आपल्या घरात काय शिजलं ते आपल्या आधी त्या बाईला कळतं. मागून कुणीतरी म्हणालं, भाऊ, तुमच्याकडे काय शिजत नाही तेही कळलं असेल. सगळे हसले. भाऊंची बायको आजारी असल्यापासून त्यांच्याकडे बाहेरून जेवणाचा डबा येतो. तेही हसले. त्या हसण्यात विषय कुठे चाललाय ते सगळ्यांना कळलं आणि कुणालाच थांबवावंसं वाटलं नाही.

अक्का उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी एकच वाक्य टाकलं. “उष्टं चिवडणाऱ्या बाईला आपण कागद करून द्यायचा?”

मग आबांनी माझ्याकडे पाहिलं. ते सभ्य माणूस आहेत, सभेत प्रत्येकाला विचारतात. “मॅडम, ही योजना तुमची. तुमचं काय म्हणणं?”

मी डायरी उघडली. तीन ओळी समोर होत्या. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, समोरच्या खांबाकडे बघत होत्या. आमची वीस वर्षांपासूनची शेजारीण. माझ्या मुलीच्या बाळंतपणात रात्रंदिवस आमच्याकडे होत्या. मी ओळ एक म्हटली असती तर सुनेचं नाव सभेत आलं असतं, धुळ्यापर्यंत गेलं असतं, हे कारण मी नंतर स्वतःला दिलं. तेव्हा असं काही मनात नव्हतं. तेव्हा फक्त एवढंच होतं की सगळे एका बाजूला बसलेत आणि मला एकटीला उठायचंय.

“डासांचा प्रश्न आहे, हे खरं,” मी म्हटलं.

ठराव सर्वानुमते झाला. शेड आठ दिवसांत काढावी. खड्डे बुजवावेत. कचरा घंटागाडीत द्यावा. सूचक भाऊ, अनुमोदक त्या न बोलणाऱ्या दोघांपैकी एक. कारण: डास व आरोग्य. मी ते त्याच दिवशी वहीत उतरवलं, स्वच्छ अक्षरात, आणि खाली सही केली. सर्वानुमते हा शब्द लिहिताना मी थांबले नाही. हात सवयीने पुढे गेला.

सोमवारी बाईला मीच सांगितलं. ते माझं काम होतं. ती शेडमध्ये दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा बांधत होती. मी म्हटलं, सभेत ठरलंय, डासांमुळे. तिने सुतळीची गाठ पुरी केली, दातांनी तोडली, मग खड्ड्यांकडे पाहिलं. दोन्ही खड्ड्यांवर तिने कोरड्या पानांचा थर दिला होता, वर माती.

“डास तर गटारमा शेतस, ताई,” ती म्हणाली.

डास गटारात आहेत, हे मलाही माहीत होतं.  रोटाबद्दल तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं मला माहीत नाही, आणि मला वाटतं तिने म्हणूनच विचारलं नाही. पत्रे तिने स्वतः उतरवले. आबांनी मिस्त्री पाठवतो म्हटलं होतं, तो आला नाही. ते पत्रे ती बहिणीकडे घेऊन जाईल असं मला वाटलं होतं, पण पत्रे कॉलनीचे आहेत असं म्हणून तिने ते मंडपाच्या भिंतीला नीट रचून ठेवले, मोठे खाली, छोटे वर.

आता घंटागाडी येते. गाडीला दोन कप्पे आहेत आणि गाडीवरचा माणूस दोन्ही डबे एकाच कप्प्यात उलटे करतो, कारण दुसऱ्यात त्याची पाण्याची बाटली, डबा आणि रेनकोट असतो. मी दोनदा तक्रार केली. मग लोकांनी वेगळं करणं सोडलं. कशाला करायचं, असं ते म्हणतात. जे थांबायला कंटाळतात त्यांच्या पिशव्या पुन्हा भिंतीवरून जातात. गाई आल्या. कॉलनीत एकच घर अजून दोन डबे बाहेर ठेवतं, ते आबांचं. सून ठेवते. गाडीवाल्याने दोन्ही एकत्र ओतताना ती बघत उभी असते आणि रिकामे डबे घेऊन आत जाते. माझ्याशी ती बोलते, विचारलं तेवढं. काकू म्हणत नाही.

बाई दिवाळीच्या आधी एकदा आली. नशिराबादच्या बाजूला सुका कचरा निवडण्याचं एक केंद्र सुरू झालंय, तिथे बायका कामाला घेताहेत. रोज सावलीत काम, हातमोजे, माल ठेवायला जागा. पण आधी जिथे काम केलं तिथलं पत्र मागतात, बाई प्रामाणिक आहे आणि काम नीट करते असं. तिने विचारलं, “लिखी देशात ना, ताई?” मी म्हटलं, हो, लिहून देते, लगेच. या वेळी मी तिच्या देखत काही लिहिलं नाही.

पत्र मी मिलच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच दिवशी केलं. सहा ओळी. दोन वर्षं अखंड काम केलं. वर्गीकरणाचं उत्तम ज्ञान. सचोटीची. कॉलनीची तिच्याविषयी कोणतीही तक्रार नाही. इथे मी थांबले. कारण वहीत, माझ्या अक्षरात, माझ्या सहीखाली, तिच्या शेडमुळे आणि खड्ड्यांमुळे आरोग्याला धोका झाला असं सर्वानुमते नोंदलेलं आहे. मी आबांना विचारलं. ते वाईट बोलले नाहीत. म्हणाले, “द्या की मॅडम, मला काय. फक्त उद्या कुणी दोन्ही कागद समोर ठेवले तर तुमची कोणती सही खरी, ते ठरवून ठेवा.”

शिक्का माझ्याकडेच असतो. अध्यक्षांची सही लागत नाही, सचिवाची चालते. तक्रार नाही ही ओळ काढून पाहिली तर पत्र पोकळ वाटतं. ठेवली तर इतिवृत्त दुरुस्त करायला हवं, त्यासाठी सभा बोलवायला हवी, सभेत उठायला हवं, आणि ‘डास नव्हते, रोट होता, आणि ओळ माझी होती’ हे एकोणीस माणसांसमोर म्हणायला हवं. दुरुस्तीचा मसुदा तयार आहे. सभेची नोटीसही टाइप केली आहे, तारखेची जागा मोकळी ठेवून.

बाई संक्रांतीनंतर पुन्हा येऊन गेली. मी घरी नव्हते. यजमानांना तिने एवढंच सांगितलं की केंद्रावर अजून दोन बायकांची जागा आहे, पण फार दिवस नाही. आता उन्हाळा लागला, गच्चीवर पापड वाळताहेत. नोटिशीवर तारीख घालायची आहे. पत्रावर सही बाकी आहे.